रिकाम्या हाताने गोठ्यात जायचं नाही

पहाटे सव्वापाचला मागच्या दाराची कडी काढते तेव्हा माझ्या एका हातात तांदळाच्या धुवणाची आणि भाजीच्या देठांची बादली असते, दुसऱ्या हातात कालच्या चुलीतल्या राखेचं घमेलं. बादली गाईंच्या आंबोणात रिकामी होते, राख कोंबड्यांच्या खुराड्यात. परत येताना एका हातात दुधाची चरवी असते आणि काखेत काल संध्याकाळी गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या काटक्यांची मोळी. ही सवय माझ्या सासूबाईंची. त्यांना आम्ही आत्या म्हणतो. लग्न होऊन आले त्या वर्षी त्यांनी मला एकच गोष्ट दोनदा सांगितली होती: रिकाम्या हाताने गोठ्यात जायचं नाही, रिकाम्या हाताने घरात यायचं नाही.

आमची तीन एकर जमीन पुरंदर तालुक्यात, सासवडपासून बारा किलोमीटरवर. पुण्यातली नोकरी सोडून २०१३ साली आम्ही दोघं कायमचे इथे आलो. आत्या इथेच होत्या. आता पुण्याची बरीच मंडळी इकडे, मुळशीत, भोरला एक-दोन एकर घेतात, रविवारी येऊन भेटतात आणि विचारतात, "रोज नेमकं काय काय करावं लागतं?" त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी पावलं मोजा

जागेवर राहायला आलात की पहिले आठ दिवस काही लावू नका, काही खणू नका. एक वही घ्या आणि घरातून बाहेर पडलेली प्रत्येक फेरी लिहा. कुठे गेलात, कशाला, किती पावलं, जाताना चढ होता की उतार, हातात काय होतं. मी हे केलं तेव्हा मला कळलं की आमचा जुना गोठा घरापासून १७० पावलांवर आहे आणि दिवसाला तिकडे अकरा फेऱ्या होतात. जाऊन-येऊन ३७४० पावलं, नुसती गोठ्यासाठी. उकिरडा त्याच्या विरुद्ध बाजूला, रस्त्याकडेला, आणि तोही चढावर. भरलेली शेणाची पाटी डोक्यावर घेऊन रोज चढ चढायचा. आत्यांनी हे चाळीस वर्षं केलं होतं. त्यांचे गुडघे का गेले ते त्या वहीत लिहिलेलं होतं.

पर्माकल्चरची, म्हणजे घर, शेत आणि जनावरं निसर्गाच्या चालीने एकत्र आखायच्या पद्धतीची, मांडणी १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी केली. तिच्यातली मला सगळ्यांत उपयोगी पडलेली कल्पना पट्ट्यांची. घर म्हणजे शून्य, आणि तिथून बाहेर एक ते पाच. जिथे जास्त वेळा जावं लागतं ते जवळ, जिथे वर्षातून दोनदा जायचं ते लांब. पाचवा पट्टा रानाला सोडायचा, तिथे आपण फक्त बघायला जायचं.

भाजीच्या वाफ्यासाठी माझी कसोटी फोडणीची आहे. तेल तापत ठेवलं, मोहरी टाकायच्या आधी दारातून जाऊन कढीपत्ता तोडून परत येता आलं पाहिजे. तेवढ्या अंतरात कढीपत्ता, मिरची, कोथिंबीर, आलं, गवती चहा आणि दोन वांग्यांची झाडं असावीत. त्यापलीकडे लावलेली कोथिंबीर तुम्ही आणणार नाही, ती फुलावर येईल. दिवसातून दोनदा लागणारी प्रत्येक गोष्ट पन्नास पावलांत आणा: कोंबड्या, गोठा, खताचा ढीग, जळण. अंजीर, सीताफळ, तूर-बाजरीचं रान लांब चालेल.

गोठा हलवताना दोन गोष्टी पाहिल्या. आमच्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून गोठा घराच्या पूर्वेला घेतला. वास आणि माश्या घरात येत नाहीत. आणि तो भाजीच्या वाफ्यांपेक्षा दोन फूट उंचावर आहे, त्यामुळे धुतलेलं पाणी आपोआप खाली वाहतं. विहिरीच्या वरच्या अंगाला मात्र गोठा कधीही घेऊ नका. आता गोठा ४० पावलांवर आहे आणि फेऱ्या सात झाल्या आहेत.

सकाळची फेरी

पहिलं काम शेण भरणं. दोन गाई आणि एक कालवड मिळून दिवसाला साधारण २५ किलो शेण होतं. तेवढ्यात एक घनमीटरचा बायोगॅस चालतो. शेण आणि पाणी समप्रमाणात कालवून टाकीत सोडायचं. हाताने नीट कालवा, गवताची काडी राहिली तर वर साय धरते. पाणी नवं घेत नाही. गोठ्याच्या जमिनीला दहा फुटांना तीन इंच उतार ठेवला आहे, ते धुवणाचं पाणी कोपऱ्यातल्या टाकीत जमतं, तेच वापरते. साबणाचं पाणी यात चुकूनही जाऊ देऊ नका. या गॅसवर सकाळचा चहा, दूध आणि संध्याकाळचा भात-आमटी होते. थंडीत गॅस कमी येतो. भाकरी बाराही महिने चुलीवर, कारण राख लागतेच.

टाकीतून बाहेर येणारी स्लरी पाटाने थेट खताच्या ढिगापर्यंत जाते. हे जमवायला मला दोन वर्षं लागली आणि ज्या दिवशी ते जमलं त्या दिवसापासून शेणाची पाटी डोक्यावर चढलेली नाही.

मग धार. कालवड आधी सोडायची, तिने पान्हा आणला की दोन सड तिचे, दोन आपले. आत्या अजूनही धार काढतात, मी वैरण टाकते. कडबा कुट्टी करूनच द्या, अख्ख्या पेंढीतला तिसरा हिस्सा पायाखाली जातो. गव्हाणीत उरलेलं धाटाचं खोड गाईंखाली अंथरते. ते मूत्र शोषून घेतं आणि चार दिवसांनी ढिगावर जातं.

कोंबड्या साडेनऊला सोडते. लवकर सोडल्या तर अंडी रानात घालतात आणि मुंगूस खातं. बारा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. खुराड्यात राखेचा खड्डा ठेवा, त्यात लोळल्या की उवा कमी होतात. एखादी खुडूक बसली तर तिला डालग्याखाली वेगळी ठेवून अंडी द्या, एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात. पिल्लांना पहिल्या आठवड्यात मानमोडीची लस द्याच. ही लस हजार मात्रांच्या बाटलीतही मिळते, म्हणून गावातल्या पाच-सात घरांनी मिळून एकाच दिवशी करा. आम्ही तसंच करतो. खाद्याचा खर्च कमी करायला एक युक्ती आहे. जुन्या मडक्यात ओला कडबा आणि थोडं शेण भरून ते संध्याकाळी वाळवीच्या वारुळावर पालथं ठेवायचं. सकाळी मडकं वाळवीने भरलेलं असतं. ते कोंबड्यांपुढे रिकामं केलं की दोन मिनिटांत काही उरत नाही.

माणशी पाणी

पुरंदर अवर्षणग्रस्त. आत्या १९७२ च्या दुष्काळाचं बोलतात तेव्हा सुकडी आणि मिलो नावाच्या परदेशी ज्वारीच्या लाल भाकरीचं बोलतात, आणि खडी फोडायच्या कामावर मांडीवर घेतलेल्या लेकराचं. त्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी याच तालुक्यात, नायगावला, पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम होता की पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांवर वाटायचं, भूमिहीनालाही द्यायचं, आणि त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही. आमच्या घराचा हिशेब मी त्याच पद्धतीने मांडते. आधी तोंडं मोजायची, मग पीक.

तीन माणसं, दिवसाला १८० लिटर. दोन गाई आणि कालवड, उन्हाळ्यात ११५ लिटर. कोंबड्या चार-पाच लिटर. एकूण ३०० लिटर. आमची विहीर मार्चमध्ये तळाला जाते आणि पावसाचा भरवसा जूनच्या मध्यावर. १ मार्च ते १५ जून म्हणजे १०७ दिवस, म्हणजे ३२,१०० लिटर. आता छप्पर बघा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळतं. आमचं घर आणि गोठा मिळून ९० चौरस मीटर छप्पर आहे. साडेचारशे मिलिमीटरचं कमी पावसाचं वर्ष धरलं आणि पाचवा हिस्सा उडून-सांडून गेला असं मानलं तरी ३२,४०० लिटर हाती येतात. हिशेब जेमतेम जुळतो, म्हणून ३५ हजार लिटरची फेरोसिमेंटची टाकी बांधली. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी बाहेर सोडा, त्यात छपरावरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा असते. टाकीला उजेड लागू देऊ नका, तोंडाला बारीक जाळी लावा, नाहीतर डास होतात. विहिरीचं जे उरेल ते झाडांना. हा हिशेब झाल्याशिवाय बागेचा आराखडा कागदावरसुद्धा काढू नका. मी कितीतरी फार्महाऊसं पाहिली आहेत जिथे हिरवळ आधी लावली आणि टँकर नंतर आला.

मोरीचं पाणी केळीच्या आळ्यात जातं. सहा फूट व्यासाचा, तीन फूट खोल खड्डा घ्या, त्यात तळाला जाड फांद्या, वर काटक्या, वर पालापाचोळा गच्च भरा. काठावर चार केळी, मध्ये मध्ये अळू आणि कर्दळ. मोरीचा पाइप पाल्याखाली सोडायचा, पाणी वर दिसता कामा नये. भांड्यांना राख आणि रिठा वापरला तर केळीला त्रास नाही. पाला खाली बसत जातो, दर महिन्याला वरून भरत राहायचं. मे महिन्यात सगळं रान पिवळं पडलेलं असताना आमच्या मोरीमागे अळूची पानं ताटाएवढी असतात.

चर, आणि माझी चूक

उताराच्या जमिनीवर पहिलं मोठं काम समतल चरांचं, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले, पाणी अडवून मुरवणारे चर. हे मी आधी चुकीचं केलं, म्हणून जरा सावकाश सांगते.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात मी नजरेच्या अंदाजाने चर आखला. शंभर फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट खोल. असा एक चर भरला की साडेआठ हजार लिटर पाणी धरतो. पावसाळाभर तो चांगला भरत होता, मी रोज बघायला जायची. हस्ताचा पाऊस आला आणि एका रात्रीत सगळं पाणी चराच्या मधल्या भागात गोळा झालं. तिथे जमीन वीतभर खाली होती, ते माझ्या डोळ्यांना दिसलं नव्हतं. बांध फुटला. सकाळी आमची माती खालच्या शेतातल्या तात्यांच्या कांद्याच्या रोपावर पसरलेली होती, सहा वाफे गाडले गेले होते. तात्या बांधावर उभे होते. काही बोलले नाहीत, नुसते वाकून एक रोप ओढून बघत होते, मूळ धरतंय का ते. त्या वर्षी त्यांना रोप विकत आणून दिलं, पण ती माती परत येणार नव्हती. एक पेरभर सुपीक माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात हे मला माहीत होतं, आणि तरी मी अर्ध्या दिवसाचं मोजमाप टाळलं होतं.

मोजमापाला यंत्र लागत नाही. वेळूच्या सात-सात फुटांच्या दोन सरळ काठ्या घ्या, वरची टोकं एकत्र घट्ट बांधा, पाय पाच फूट फाकवा आणि मध्ये आडवी काठी बांधा. इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखी चौकट होते. वरच्या गाठीतून सुतळी सोडून तिला लिंबाएवढा दगड बांधा, सुतळी आडव्या काठीच्या खाली लोंबली पाहिजे. आता चौकट जमिनीवर उभी करा आणि दोन्ही पाय जिथे टेकले तिथे खुणा करा. दगड स्थिर झाला की सुतळी आडव्या काठीला जिथे छेदते तिथे कोळशाने रेघ मारा. मग चौकट फिरवा, डावा पाय उजव्याच्या खुणेवर, उजवा डाव्याच्या. पुन्हा रेघ मारा. दोन रेघांच्या बरोबर मध्ये तिसरी रेघ ओढा, तीच समपातळीची खूण. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर जमीन मुळातच सपाट होती.

शेतात एका टोकाला खुंटी ठोका, चौकटीचा एक पाय तिथे ठेवा, दुसरा पाय पुढे वर-खाली करत न्या. सुतळी मधल्या रेघेवर आली की तिथे खुंटी. मग मागचा पाय पुढे फिरवा. दर पाच फुटांना एक खुंटी. हे काम दोघांचं, आणि सकाळी वारा नसताना करायचं, वाऱ्यात दगड हलत राहतो. खुंट्यांची ओळ नागमोडी दिसेल. ती तशीच असते, सरळ करायचा मोह आवरा.

खणायला सगळ्यांत वरच्या चरापासून सुरुवात करा. वळवाची एखादी सर पडून गेली की कुदळ लागते, त्याआधी मुरमाला हात लावून उपयोग नाही. माती खालच्या अंगाला टाका, पण काठापासून फूटभर जागा सोडून, नाहीतर पहिल्याच पावसात ती परत चरात येते. चराच्या एका टोकाला सांडवा ठेवा, बांधापेक्षा सहा बोटं खाली, आणि त्यावर दगड रचून घ्या. जास्तीचं पाणी तिथूनच, आपण सांगू त्या वाटेने, पुढच्या चरात गेलं पाहिजे. माझ्या पहिल्या चराला सांडवा नव्हता. तोही दोष माझाच.

दुसऱ्यांदा चर काढले तेव्हा आम्ही इर्जिक घातलं, म्हणजे शेजाऱ्यांना जेवण घालून सगळ्यांनी मिळून काम करायचं. नऊ माणसं आली, त्यांत तात्या आणि त्यांचे दोन मुलगे. बाजरीची भाकरी, मटकीची आमटी, कांदा आणि गुळाची लापशी. दोन दिवसांत तीन चर झाले. नंतर आम्ही त्यांच्या वाटाण्याच्या तोडणीला गेलो. एकट्याने जेसीबी लावण्यापेक्षा हे मला कितीतरी बरं वाटतं, कारण चराच्या खाली ज्याचं शेत आहे त्याने तो चर स्वतः पाहिलेला असतो.

बांधावर वाळा, गवती चहा आणि शेवगा लावला. मेच्या शेवटी गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) मनगटाएवढ्या जाड, चार फुटी फांद्या रोवल्या, त्या जवळजवळ सगळ्या फुटल्या. पालवी वर्षातून तीनदा छाटून अंजिराच्या आळ्यात टाकते. खालच्या बाजूला सीताफळ. पाणी धरून ठेवायला बांधाला मुळं लागतात, नुसती माती पुरत नाही.

पाला, ढीग आणि विरजण

जानेवारी ते मार्च पुण्यात पानगळ असते. कोथरूडला माझी मुलगी राहते, तिच्या सोसायटीत पाला पेटवायचे. तिने बोलून तो गोण्यांत भरायला लावला. दर वर्षी आम्ही टेम्पोत साठ-सत्तर गोण्या घेऊन दिवे घाट चढतो. बदामाची जाड पानं आधी गाईंखाली अंथरते, नुसती ढिगावर टाकली तर चिकटून थर बनतो. वर्षावृक्षाची बारीक पानं थेट वाफ्यांवर. आच्छादन चार बोटं जाड असू द्या आणि खोडापासून वीतभर लांब, खोडाला टेकलं तर साल कुजते.

ढीग पाच फूट लांब, पाच फूट रुंद, चार फूट उंच. याहून लहान असला तर तापत नाही. कोरडं तीन पाट्या, हिरवं एक पाटी, वर स्लरीचा शिडकावा, असे थर. ओल बघायला मूठभर घेऊन दाबा. बोटांतून एक-दोन थेंब आले पाहिजेत. धार लागली तर कोरडा पाला घाला, काहीच आलं नाही तर स्लरी. ढिगाच्या मधोमध पहार खुपसून ठेवा. चौथ्या दिवशी ओढून तळव्यात धरा. धरवत नाही एवढी गरम असेल तर ढीग चालू आहे. कोमट असेल तर ओल किंवा हिरवं कमी पडलंय. आठवड्याने कडेचं आत, आतलं बाहेर असं उलथवायचं, मग आणखी दोनदा. उलथवायच्या दिवशी कोंबड्या त्यात सोडते, त्या हुमणीच्या अळ्या वेचून काढतात.

जीवामृताबद्दल फार विचारतात. एका एकराला २०० लिटर पाणी, १० किलो ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरच्या झाडाखालची मूठभर माती. सावलीत, पिंपावर गोणपाट टाकून, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. दोन दिवसांनी वापरायला तयार होतं, सात दिवसांत संपवायचं. नळाचं क्लोरीनचं पाणी घेऊ नका. गूळ काळा, बिनसल्फरचा चालतो, स्वस्तही पडतो. दर पंधरवड्याला दहा किलो शेण त्यात जातं, त्या दिवशी गॅस कमी येतो, म्हणून त्या संध्याकाळी भातही चुलीवर. पण माझं मत स्पष्ट आहे: जीवामृत खत नव्हे, विरजण आहे. विरजण लावायला दूध लागतं. जमिनीवर पाला नसेल, मातीत कुजणारं काही नसेल, तर पिंपामागून पिंप ओतूनही काही होणार नाही. आधी दोन वर्षं पाला टाका.

पेरणी आणि बियाणं

पावशा ‘पेरते व्हा’ ओरडायला लागला की आत्या कणगीचं तोंड उघडतात. रोहिणीत बांध-सांडवे दुरुस्त, मृगाचा पाऊस वीतभर मुरला की बाजरीत तूर आणि हुलगा, मटकी वेगळी. ओल किती गेली ते पाहायला पहारीने भोक पाडून काडी घालते. नुसत्या वरच्या ओलीवर पेरलं आणि पावसाने ओढ दिली तर बी वाया जातं. उत्तरा-हस्तात ज्वारी. नागपंचमीला कुदळ-नांगर बंद, तो दिवस मी अवजारांना दांडे बसवायला वापरते.

बियाणं घरचं धरा. पहिल्या तोडणीचं नको, शेवटच्या तोडणीचंही नको. मधल्या बहरातल्या, निरोगी वेलावरच्या घेवड्याच्या चार शेंगा लाल सुतळी बांधून राखून ठेवा, म्हणजे घरचं कोणी तोडणार नाही. वाळल्यावर दाताखाली कट्‌कन फुटलं पाहिजे. मग चाळलेली राख चोळून मडक्यात, तळाला आणि तोंडाला कडुनिंबाचा वाळलेला पाला. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी अशीच घरातून सुरुवात केली, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्याकडे घेवड्याचे तीन वाण आहेत, त्यातला काळ्या ठिपक्यांचा आत्यांनी माहेरून आणलेला. तो दर वर्षी दोन घरांना देते. आमचा कधी गेलाच, तर त्यांच्याकडून परत मिळेल.

पाल्याखाली काय आहे

आच्छादन आलं की बेडूक येतात, उंदीर येतात आणि त्यांच्यामागे साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही आमच्या भागात आहेत. पाल्यात, जळणाच्या मोळीत, अंड्यांच्या टोपलीत हात घालायच्या आधी काठीने हलवा. अंधारात टॉर्चशिवाय आणि बुटांशिवाय एक पाऊलही नाही. प्रतिसर्पविष कोणत्या सरकारी दवाखान्यात असतं आणि रात्री तिथे डॉक्टर असतात का, हे राहायला आल्या आठवड्यात स्वतः जाऊन विचारून या आणि नंबर भिंतीवर लिहा. दंश झालाच तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चोखायचं नाही. माणसाला आडवं, शांत ठेवा, तो अवयव हलू देऊ नका आणि थेट दवाखाना. मांत्रिकाकडे घालवलेला वेळ परत मिळत नाही.

संध्याकाळ

अंजिराची तोडणी असेल तर पहाटेच होते, हाताला खोबरेल लावून, चीक लागला की कातडी सोलते. संध्याकाळी राहतात ती लहान कामं. पाचला पाण्याची फेरी, फक्त नव्या रोपांना, मडक्याने, मुळाशी. येताना बांधावरची गिरिपुष्पाची फांदी गाईंना. साडेसहाला कोंबड्या आपणहून खुराड्यात येतात. दार लावताना मोजायचं, रोज मोजायचं. एक कमी असली तर तेव्हाच शोधता येते, सकाळी पिसंच मिळतात.

जेवणं झाली की चुलीतली राख विझून थंड होण्यासाठी लोखंडी घमेल्यात काढते, कारण गरम राख खुराड्यातल्या भुशाला लागली तर पेट घेते. भाजीची देठं, तांदळाचं धुवण बादलीत. बादली आणि घमेलं दोन्ही मागच्या दाराच्या आतल्या बाजूला, उजवीकडे, अंधारात हात घातला तरी सापडतील अशी.